पेजवरच्या मेंढ्या

त्या वर्षी होळी होऊन गेली, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, रानं मोकळी पडली, तरी आमच्या मेंढ्यांना कुणाचं बोलावणं येईना.

बोलावणं म्हणजे काय ते आधी सांगते. उन्हाळ्यात रान रिकामं असतं तेव्हा शेतवाला मेंढपाळाला बोलावतो. मेंढ्या दिवसभर चरून येतात आणि रात्री त्याच्या रानात जाळीच्या कुंपणात बसतात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, फुकटात खत होतं. बदल्यात शेतवाला ज्वारी देतो, हल्ली कुणी पैसे देतो. काही दिवस याचं रान, मग शेजारच्याचं. पावसापर्यंत आमचं असंच चालतं. याचा कुठं करार नसतो. शेतवाल्याला आम्ही बरे वाटलो तर तो बोलावतो, नाही वाटलो तर दुसऱ्याला बोलावतो. आमची सगळी पत एवढीच.

आमची वस्ती परतूरच्या बाजूला. गुडघे गेल्यापासून मी मेंढ्यांमागं फिरत नाही. पोरगा आणि सून फिरतात. सून माझ्या भावाचीच पोरगी, त्यामुळं लग्नानंतरही मला आत्याच म्हणते. दहावी झालेली आहे आणि तोंडाला फार धार आहे.

दर साली या दिवसांत पोराच्या फोनला उसंत नसायची. त्या साली फोन गप्प. पोरगा मेंढ्या घेऊन कालव्याच्या कडेकडेनं फिरायचा आणि रात्री कुणाच्या तरी पडीक जागेत बसवायचा. माझं एका जागी बूड टिकेना. अंगणात जायचे, पुन्हा आत यायचे. भाकरी थापताना दोनदा करपवली. सून म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा तरी नाहीतर चालत तरी ऱ्हा. हे मधलं काय लावलंय?"

मग मी चालतच राहिले. आष्टीच्या बाजारला गेले. तिथं एक शेतवाला भेटला, आमच्या मेंढ्या दर साली बसवून घेणारा. मला बघितलं आणि तो मिरच्यांच्या ढिगाकडं वळला. त्याला मिरच्या घ्यायच्या नव्हत्या हे मिरचीवालीलाही कळलं. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि विचारलं, बाबा, आमचं काय चुकलं ते सांग. त्यानं आजूबाजूला बघितलं, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

फोनमध्ये मी होते.

लुगड्याचा काष्टा घातलेला, हात वर केलेला, तोंड उघडं. मागं आमच्या मेंढ्या. बाजूला खाकी कपड्यातला गार्ड, हातात काठी. बघणाऱ्याला वाटावं की मी त्याच्या अंगावर धावून चालले आहे. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'रोपवनात अवैध चराई करणाऱ्यांवर धडक कारवाई.' चौथीपर्यंत शिकले असले तरी तेवढं मला वाचता येतं.

"मावशी, तुमच्यावर तर सरकारची केस झाली म्हणं," तो म्हणाला. "आता तुमच्या मेंढ्या रानात बसवल्या अन् उद्या मलाबी नोटीस आली तर?"

केस कसली आणि कारवाई कसली. तो दिवस मला चांगला आठवत होता. होळीच्या आधी, माळाच्या कडेचं रान लवकर मोकळं झालं म्हणून एका शेतवाल्यानं आम्हाला बोलावलं होतं. माळावर सरकारी रोपं लावलेली आहेत. ती ज्या खात्याच्या ताब्यात आहेत त्याचं नाव मी लिहीत नाही. मी पोराची भाकरी घेऊन रिक्षानं गेले होते. तो गार्ड आला, पाणी मागितलं, आम्ही त्याला चहासुद्धा दिला. जाताना फोनवर एक फोटो काढला. नेमकं तेव्हा आमचं कुत्रं कोकराच्या मागं लागलं होतं आणि मी कुत्र्यावर ओरडत होते. कुत्रं फोटोत आलं नाही. मी आले.

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिनं फोनवर त्या खात्याचं पेज शोधून काढलं. आमचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरला होता. खाली लोकांनी बरंच काही लिहिलं होतं. आम्हाला ओळखत नसलेल्या माणसांनी आमच्या जातीचा उद्धार केला होता. सुनेनं तिथंच लिहिलं, ही आमची सासू आहे, आमच्यावर कसलीही केस नाही, फोटो काढून टाका. तासाभरात तिचं लिहिलेलं गायब. पुन्हा लिहायला गेली तर तिला ते पेजच दिसेना. पोराच्या फोनवरून दिसत होतं, तिच्या फोनवरून नाही.

"मला हाकलून लावलं, आत्या," ती म्हणाली. "दुकानातून हाकलतात तसं."

मी परतूरच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं सांगितलं की पेज जालन्याहून चालतं. जालन्याला गेले तर म्हणाले, पेज बघणारा माणूस कंत्राटी आहे, तो इथं बसत नाही. कुठं बसतो? ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कारवाई झाली का, दंड लावला का, कुठं सही घेतली का, हे मी तीन टेबलांवर विचारलं. तिघांनीही सांगितलं की बाई, तसं काही दिसत नाही. मग फोटो काढा. ते आमच्या हातात नाही. एकजण तर म्हणाला, "आजी, दोन दिवसांत लोक इसरून जातात." मी म्हटलं, लोक विसरतील, माझ्या मेंढ्या कुठं बसतील ते सांग.

येताना बसमध्ये मी सारखी खिडकी उघडत आणि लावत होते. शेजारच्या बाईनं शेवटी जागा बदलली.

खरं तर हे सगळं मिटवायला एक वाक्य पुरलं असतं. आम्हाला कुणी बोलावलं होतं त्याचं नाव. आम्ही रोपांत घुसलो नव्हतो, त्याच्या रानात बसलो होतो. पण त्या रानाचीच गंमत होती. माळाच्या कडेला पाचसहा जणांची शेतं एका रांगेत आहेत. दर साली नांगर थोडा थोडा सरकारी माळावर चढत गेला आहे. हद्दीचे दगड कधीच गेले. मेंढ्या बसल्या होत्या ती जागा पेरतो शेतवाला, पण कागदावर ती त्याची असेलच असं तोही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

एका दुपारी माळाकडं बोलावणारा तोच शेतवाला मोटारसायकलवर आला. मागं ज्वारीचं पोतं बांधलेलं. त्यानं ते ओट्यावर उतरवलं आणि तांब्याभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही कचेऱ्या करून राह्यल्या असं ऐकलं. करा, माझं काही म्हणणं न्हाई. फक्त माझं नाव तेवढं घेऊ नका. ती पट्टी गेली तर माझी विहीरबी जाती तिच्यात."

मी त्याला म्हटलं, तुझं नाव घ्यायचं असतं तर पहिल्याच टेबलावर घेतलं असतं. पोतं उचल.

"राहू द्या, पोरांना व्हईल."

"बसवलेल्या मेंढ्यांची ज्वारी तू दिली आहेस. ही गप्प बसायची ज्वारी मला नको. खाताना ठसका लागंल."

तो पोतं घेऊन गेला. पोरगा संध्याकाळी आला आणि हे ऐकून माझ्यावरच तापला. त्याचं म्हणणं होतं की नाव सांगून मोकळं व्हावं. आपण चोर ठरलो आणि तो मात्र उजळ माथ्यानं फिरतो. असंच चाललं तर पावसाआधी निम्म्या मेंढ्या विकाव्या लागतील, नाहीतर नांदेडकडं निघून जावं लागेल, तिकडं आपल्याला कुणी ओळखत नाही. त्याचं चुकीचं नव्हतं. पण मी त्याला सांगितलं की चोर म्हणून ज्याचं नाव झालं त्याला एखादा शेतवाला दोन सालांनी तरी बोलावेल. ज्यानं शेतवाल्याचं नाव सरकारात सांगितलं त्याला कुणीच बोलावणार नाही, त्याच्या नातवालाही नाही. यात माझा काही मोठेपणा नव्हता. धंदा असाच चालतो.

तेवढ्यात जालन्याला आमदारांची समिती येणार म्हणून गडबड उडाली. ही विधिमंडळाची समिती जिल्ह्याजिल्ह्यात फिरते आणि सरकारी खात्यांना समोर बसवून विचारते की काय केलं, कसं केलं. ती येणार म्हटलं की कचेऱ्यांना चुना लागतो आणि बंद नळाला पाणी येतं. सुनेनं पोराच्या फोनवर वाचलं की या वेळी समिती खात्यांच्या पेजबद्दलही विचारणार आहे. पेजवर कोण लिहितं, कुणाच्या पैशानं लिहितं, लिहिलेलं खरं की खोटं ते कोण तपासतं, आणि लोकांनी खाली लिहिलेलं कुणाच्या हुकमानं पुसलं जातं. लोकांचे अर्जही घेणार होते.

"आत्या, हे तर आपल्यासाठीच येऊन राह्यले," ती म्हणाली आणि अर्ज लिहायला बसली. तिनं फार लांबड लावली होती, दयावान साहेब वगैरे. मी ते सगळं कापायला लावलं.

जालन्याला मी आणि सून गेलो. सकाळभर समिती साहेबलोकांना विचारत होती. आम्ही बाहेर व्हरांड्यात. मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत होते, शिपाई म्हणाला आजी बसा, मी म्हटलं बसले की गुडघे धरतात. हे खोटं होतं. जेवणानंतर अर्जवाल्यांना आत घेतलं. लांब टेबलामागं आमदार बसलेले, मधे अध्यक्ष, पिकल्या केसांचा माणूस. समोरच्या बाजूला त्या खात्याचा मोठा साहेब आणि त्याच्या मागं एकजण फोन उभा धरून सगळ्याचा व्हिडिओ घेत होता. मी पदर तोंडावर ओढला.

अध्यक्षांनी बघितलं. "हे कोण?"

साहेब म्हणाला, "सर, आमच्या पेजसाठी."

"आपण बोलतोय कशाबद्दल आणि तुम्ही करताय काय? समितीच्या बैठकीत चित्रीकरण चालत नाही. बंद करा आणि बाहेर जा."

टेबलामागं थोडा हशा झाला. तो माणूस बाहेर गेला. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं पुढं महागात पडणार होतं.

अध्यक्षांनी अर्ज वाचला, सुनेनं दाखवलेला फोटो बघितला आणि साहेबाला विचारलं की या बाईंवर गुन्हा नोंदवला होता का. साहेबानं कागद चाळले. नाही. दंड? नाही. पंचनामा? नाही. मग 'धडक कारवाई' कुठली?

साहेबाला घाम आला होता. त्यानं जे सांगितलं ते मला नवीनच होतं. प्रत्येक गार्डानं रोज गस्त घातल्याचा एक फोटो ग्रुपवर टाकायचा असतो. फोटो नसेल तर गस्त घातली असं धरत नाहीत. त्या गार्डाला त्या दिवशी दुसरं काही सापडलं नाही, त्यानं आमचा फोटो टाकला. आम्ही गुन्हेगार आहोत असं तो म्हणालाही नव्हता. ग्रुपवरून तो फोटो कंत्राटी माणसाकडं गेला. त्याला आठवड्याला ठरलेले फोटो पेजवर टाकायचे असतात. त्यानं खाली मजकूर लावला, मागच्या वेळी दुसऱ्या फोटोखाली लावला होता तोच.

"म्हणजे गस्त झाली हे दाखवायला या बाईंना चोर केलं," अध्यक्ष म्हणाले. "आणि यांच्या सुनेनं खुलासा लिहिला तर तो पुसला. तो कुणी पुसला?"

साहेब म्हणाला, माहिती घेऊन कळवतो. हे वाक्य त्यानं त्या दिवशी पुष्कळदा म्हटलं असावं, कारण एका आमदारानं ते त्याच्याबरोबरच म्हटलं.

मग दुसऱ्या एका आमदारानं मला विचारलं, "आजी, पण मेंढ्या होत्या कुणाच्या रानात? तुम्ही रोपांत नव्हता, तर शेतवाल्याचं नाव सांगा. एका मिनिटात सिद्ध होतं."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. साहेबानंही बघितलं, पेन उघडून.

मी म्हटलं, "ते मी सांगत न्हाई."

"का? घाबरता का कुणाला?"

"घाबरत न्हाई. बोलावणाऱ्याचं नाव आमच्यात सांगत नसतात. तुम्ही यांना विचारा की आमच्यावर केस हाय का. न्हाई म्हनले ना? मंग फोटो काढा. रानाचं काय ते माझ्या अर्जात न्हाई."

तो आमदार म्हणाला की आजी, अशानं तुमचीच बाजू लंगडी पडते. मी म्हटलं, पडू द्या, बाजूच लंगडी पडंल, मेंढ्या तर बसतील. अध्यक्षांनी हात वर करून ते थांबवलं. साहेबाला सांगितलं की फोटो आजच काढायचा, जितके दिवस तो होता तितके दिवस त्याच जागी खुलासा ठेवायचा, आणि गुन्हा नोंदवल्याशिवाय कुणाचा चेहरा पेजवर टाकायचा नाही. मग चष्मा काढून म्हणाले, आणि तुमची हद्द नक्की कुठं आहे तेही समितीला कळवा. मला तेव्हा त्या शेवटच्या वाक्याचं काही वाटलं नाही.

फोटो निघाला. खुलासाही आला, 'सदर छायाचित्रातील मेंढपाळांवर कोणतीही कारवाई झालेली नव्हती.' त्याला कुणी अंगठासुद्धा दिला नाही. लोकांच्या फोनमध्ये पहिला फोटो होता तो तसाच. एकदोन शेतवाल्यांनी पोराला राम राम घातला, एवढाच फरक. एकानं बघतो म्हटलं.

आणि मग मोजणीवाले आले. माळाच्या कडेची ती सगळी रांग मोजायची म्हणून नोटिसा लागल्या. त्याच दिवशी गावात बोभाटा झाला की मेंढीवालीनं जालन्याला जाऊन नाव सांगितलं. जो बघतो म्हणाला होता त्यानं फोन उचलणं सोडलं. पोत्यावाला शेतवाला रस्त्यात मला बघून थांबला नाही. मी लोकांना सांगत फिरले की मी नाव घेतलं नाही. सून शपथ घ्यायला तयार होती, पण माझ्या सुनेच्या शपथेला कोण विचारतं. त्या दालनातला व्हिडिओ कुणी घेतला असता तर तो मी गावभर दाखवला असता. मी तर तो बंद झाला म्हणून खूश झाले होते.

पोरगा म्हणाला, मेंढ्या विकू. मी म्हटलं, मोजणी होऊ दे. मोजणीच्या आदल्या रात्री मी काही झोपले नाही आणि उजाडताच माळावर जाऊन बसले. कशासाठी गेले ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. घरात थांबणं शक्य नव्हतं.

रांगेतले सगळे शेतवाले तिथं होते. मोजणीवाले यंत्र लावत होते. जालन्याच्या बैठकीत घाम पुसणारा मोठा साहेबही आला होता. सगळ्यांनी मला बघितलं आणि तोंडं फिरवली. पोत्यावाला शेतवाला मात्र सरळ साहेबासमोर गेला.

"साहेब, एकच सांगा. आमचं नाव ह्या बाईनं सांगितलं ना?"

साहेब आधीच वैतागला होता, उन्हात उभं राहायची त्याला सवय नसावी. तो म्हणाला, "हिनं नाव सांगितलं असतं तर मी आज एवढा वेळ इथं कशाला उभा राहिलो असतो? एकाचंच रान मोजून घरी गेलो असतो. हिनं शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही, म्हणून समितीनं सगळी रांग मोजायला लावली."

मग रांगेतला एक म्हातारा शेतवाला माझ्याकडं वळला. त्याचं रान अगदी दुसऱ्या टोकाला, आमच्या मेंढ्या तिथं कधी बसल्याही नव्हत्या.

"म्हणजे तू त्याचं नाव सांगितलं असतं तर आम्ही वाचलो असतो की," तो म्हणाला.

"वाचला असता," मी म्हटलं.

"मंग काऊन न्हाई सांगितलं?"

"उद्या तुझं विचारलं असतं तर तुझंबी न्हाई सांगितलं असतं."

तो गुरगुरला आणि दुसरीकडं गेला. संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. पोत्यावाल्याची पट्टी गेली, विहीर मात्र हाताच्या अंतरानं वाचली. इतर दोघांचीही थोडी थोडी गेली. ते दोघं आजही माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यांना बोला म्हणायला माझ्याकडं तोंड नाही. म्हाताऱ्याचं रान हद्दीच्या आत निघालं, अगदी बराबर.

पुढच्या बाजाराला पोराचा फोन वाजला. तो म्हातारा होता. म्हणाला, मेंढ्या घेऊन या. त्याच्या मागं आष्टीकडच्या मिरच्यांत तोंड लपवणाऱ्याचाही आला. पोत्यावाल्यानं त्या साली बोलावलं नाही. दुसऱ्या मेंढपाळालाही बोलावलं नाही. त्याचं रान तसंच राहिलं.

म्हाताऱ्याच्या रानात मीही गेले. तो नव्या दगडांवरून मला चालवत घेऊन गेला, एकेक दगड काठीनं ठोकून दाखवत, हा बघ, हा बघ. पोरगा जाळी लावायला लागला. मी त्याला आत बोलावलं, अजून आत, दगडांपासून चांगली जागा सोडून.

म्हातारा म्हणाला, "कडंलाबी खत पाहिजे की मला. एवढी पट्टी काऊन सोडली?"

मी म्हटलं, "कडंला तुझं तू शेण टाक. माझ्या मेंढ्या मधीच बसतील."

त्यानं सोडलेल्या पट्टीवर काठी ठोकून बघितली. मग म्हणाला, मधी तर मधी, आणि पाण्याची घागर आणायला गेला.